कारणाचा रकाना

खराडीतल्या आमच्या ऑफिसात
मीटिंगच्या खोल्यांना किल्ल्यांची नावं आहेत.
रकाना काढायचं ठरलं ते तोरण्यात,
चहा गार होईपर्यंतच्या वेळात.
मीच म्हणालो, सर्व्हरवर भार येतो,
आणि कारणं काय, लोक वाट्टेल ती लिहितात.
हरकत घेणारा एकच होता आमच्यात,
तो त्या आठवड्यात गुहागरला, सुट्टीवर.

तेव्हापासून ॲपला एवढंच कळतं:
ठिपका फाटकाशी कधी पोचला,
दारातला आकडा कधी टाकला.
मध्ये पंधरा मिनिटांहून जास्त गेली की खूण.
तीन खुणा, खातं बंद.
घरं पुसणाऱ्या, संडास घासणाऱ्या बायकांना
आम्ही भागीदार म्हणतो.
नफ्यात नव्हे, नावात.
कामगार म्हटलं की पीएफ येतो मागोमाग.

नीतिमत्तेचं प्रशिक्षण मीही घेतलंय.
चाळीस मिनिटं, ऑनलाइन, दहा प्रश्न.
दहापैकी दहा.
प्रमाणपत्रावर खळदकरचं खडलकर झालंय,
ते मात्र मी लगेच कळवलं.

भागीदार ४०७१३.
कल्याणीनगर. फाटकाशी नऊ दहा,
काम सुरू नऊ एकोणतीस.
तीच इमारत, लागोपाठ तीन दिवस.
यंत्र म्हणालं, टाळाटाळ.
यंत्र म्हणजे मी. ती ओळ माझ्या हातची आहे.
आमचे आजोबा म्हणायचे, रीतच आहे, आपण काय करणार,
आणि मागच्या दारी कान तुटलेला कप
फडताळात वेगळा राहायचा.
कप केव्हाच फुटला.
आम्ही सुधारलो, असं आम्हाला वाटलं.

शनिवारी मी त्या इमारतीत गेलो.
लिफ्टशेजारी लॅमिनेट केलेली पाटी:
घरकाम, कचरा, डिलिव्हरी यांनी जिना वापरावा.
खाली 'आपले विनीत' लिहायला विसरले नव्हते.
वॉचमननं माझ्यासाठी लिफ्टचं बटण दाबलं,
गळ्यात ऑफिसचा पट्टा होता ना.
मी जिन्यानं निघालो. अकरा मजले.
बादली नाही, मॉप नाही, फिनेलचा पाच लिटरचा कॅन नाही.
सातव्यावर बसलो, श्वास पुरेना.
फोन काढून बघितलं:
मी अजून फाटकापाशीच.
नकाशाला उंची कळत नाही.
चढणारं माणूस त्याला थांबलेलं दिसतं.

हे मला माहीत नव्हतं असं नाही.
कागदावर माहीत होतं.

नियम मोडून फोन केला.
पंचशीला ओव्हाळ, ताडीवाला रोड.
आधी तिनं विचारलं, "माणूस बोलतंय का?"
मग गप्प. मागे कुणीतरी पत्र्याची पेटी सरकवत होतं.
ती रडेल, किंवा शिव्या देईल,
दोन्हीची तयारी मी जिन्यातच केली होती.
ती म्हणाली,
"काम गेलं ते गेलं. तेवढं लिहा तिथं,
की मी बसले नव्हते."

कुठे लिहू, बाई.

माझं मत असं आहे
(मत बाळगायला मला गृहकर्जाची परवानगी लागते, तरी)
की अन्याय करायला आता कुणाचा रागसुद्धा करावा लागत नाही.
एक रकाना कमी केला की भागतं.
हात स्वच्छ राहतात,
ऑफिसच्या बेसिनला तर सेन्सर आहे,
नळालाही हात लावायचा नाही.

रविवारी रात्री तो रकाना मी परत घातला.
दोनशे अक्षरांचा, मराठीही चालेल असा.
चाचणीच्या तक्त्यात सध्या एकच ओळ आहे:
बसले नव्हते.
सोमवारी त्यावर वरून शेरा आला,
हे वाचणार कोण?

दोनदा उत्तर टाइप केलं, खोडलं.
शेजारची गार्गी म्हणाली, जेवायला चल, गर्दी होईल.
म्हटलं, आलोच.
आणि गेलोही.